वाऱ्याच्या अंगाला न्युंबू

१४ जानेवारी

माझ्या गोठ्याच्या वाऱ्याच्या अंगाला न्युंबू आणून ठेवलेत आणि मला कुणी विचारलं नाही. वडीलधाऱ्यांना विचारलं म्हणे. वडीलधाऱ्यांचे गोठे टेकडीच्या पलीकडे, त्यांना वारा लागतो कुठे? वारा माझ्या दारात येतो.

एवढं आधी लिहून टाकलं. आता नमस्कार. ही वही माझ्या नातीची, रेसिआतोची. ती अरुशा शहरात शाळेला गेली तेव्हा अर्धी कोरी राहिली होती. अक्षरं मला तिनेच शिकवली, गेल्या दुष्काळात, गुरं मरत होती आणि दुसरं करायला काही नव्हतं तेव्हा. आजीला ती कोको म्हणते. म्हणाली, कोको, राग आला की लिहीत जा, म्हणजे माझ्या आईला बोलणी बसणार नाहीत. तिची आई म्हणजे माझी सून सिमालोई. पोरगी हुशार आहे, पण आईच्या बाजूची आहे.

न्युंबू चौदा आहेत. ते मोजले, कारण ते माझे नाहीत. आपली गुरं आपण मोजत नाही, त्यामुळे त्यांचा आकडा या वहीत सापडायचा नाही. गोरे लोक न्युंबूला विल्डेबीस्ट म्हणतात. शिंगं गाईची, दाढी बोकडाची, शेपूट घोड्याचं, अक्कल कुणाचीच नाही.

अरुशाचा मासावे म्हणून कुणी माणूस आहे. त्याने सडकेलगतची जागा तारेने वेढून प्राण्यांची बाग केलीय. ज्यांना मैदानापर्यंत जायला वेळ नाही त्यांना अर्ध्या तासात झेब्रे, जिराफ, न्युंबू दाखवायचे आणि चहा पाजून परत पाठवायचं. मैदानावरचे न्युंबू दरसाल येतात, पिल्लं देतात आणि जातात. तेवढे दिवस आपण गुरं घेऊन डोंगराला लागतो, कारण त्यांची व्याल्यावरची वार पडलेल्या गवतावर गाय चरली की तिचे डोळे पांढरे होतात आणि ती मरते. न्युंबूला स्वतःला काही होत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मासावेला नाही.

मैदानावरचे निघून जातात. हे कुठे जाणार?

१८ जानेवारी

लेइयान त्या बागेत कामाला लागला. माझा एकुलता एक. न्युंबूंचा राखणदार. मी म्हटलं, बापाने जन्मभर न्युंबू हाकलले, तू त्यांना गवत घाल. तो म्हणाला, येयो, दुष्काळानंतर हाकलायला आपल्याकडे राहिलंय काय?

मी तपकिरीची चिमूट नाकात घातली.

३ फेब्रुवारी

आज कुंपणाशी जाऊन आले. मन शांत करायला नाही, वैरी बघायला.

थोरल्या नराने अंगणाएवढी जागा आपली ठरवलीय. तिथे गुडघे टेकून मातीत तोंड घासतो, शिंगाने ढेकळं उडवतो. धाकटा नर हद्दीवर आला. दोघे गुडघ्यांवर बसले, डोक्याला डोकं लावलं, थोडं ढकललं, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात दोघे चरायला लागले. थेट वडीलधाऱ्यांची सभा. लेइयान सुकं गवत टाकतो, मिठाचा दगड ठेवतो, टाकी घासतो. त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत.

तारेला लागून पायवाट पडलीय. तीन आठवड्यांत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

दुपारी दक्षिणेला ढग आले. आमच्याकडे ऊन होतं. चौदाच्या चौदा जणांनी चरायचं थांबवलं आणि दक्षिणेच्या तारेला तोंड लावून उभे राहिले. तिकडे पाऊस पडत होता, ते त्यांना कळलं होतं. माशीसुद्धा हाकलत नव्हते. लेइयान म्हणाला, ढग आले की रोज असंच. मी म्हटलं, मग दार उघड. तो हसला. मी काही गंमत केली नव्हती.

पोटंही बघितली. नऊ माद्या भरलेल्या. बागेची डॉक्टरीण उपेंदो म्हणते सात. बघूच.

१० फेब्रुवारी

झोप नाही. करायचं ते केलं, ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारी झोपली होती.

बागेकडून उतार माझ्याकडे आहे, म्हणून सिमालोईने आणि मी चर खणला. पावसाचं पाणी आता ओढ्याला जाईल. तिने खणला, मी सांगितलं. तारेपासून गोठ्यापर्यंतचं गवत जाळलं. गुरं टेकडीच्या मागच्या अंगाला चरायला न्यायची, लांब पडलं तरी. आणि लेइयानच्या टायरच्या चपला काटेरी कुंपणाच्या बाहेर काढायच्या. रोज संध्याकाळी मी त्या काठीने उलट्या करून बघते. वारेचा तुकडा नाही, केस नाही, शेण नाही. मग राख लावते. लेइयान अनवाणी आत येतो आणि सिमालोई तोंडावर हात धरून हसते.

हसू दे. गोठा माझा आहे.

१३ फेब्रुवारी

पहिलं पिल्लू झालं. लेइयान सांगतो, खाली पडलं आणि तू तपकिरीची डबी उघडून मिटशील तेवढ्यात उभं राहिलं. आमच्या वासरांनी ऐकू नये. वार तो टोपल्यात भरतो, खोल पुरतो, वर चुना टाकतो. हे मी शिकवलं. मासावेने विचारलं, असं करायला कुणी सांगितलं? लेइयान म्हणाला, आईने. मासावे म्हणाला, मग करा.

चपला स्वच्छ.

१५ फेब्रुवारी

चार झाली. चपला स्वच्छ. वारा मात्र तिकडूनच येतोय आणि त्याला राख लावता येत नाही.

२० फेब्रुवारी

नऊ झाली. नऊच. डॉक्टरीण उपेंदोने मान्य केलं म्हणे. शिकलेली आहे पण मोठ्या मनाची आहे.

नववीची मात्र कटकट झाली. पहिलारू होती. ती वीत असताना बघणाऱ्यांच्या दोन गाड्या अगदी जवळ नेल्या. ती भेदरून पळाली. परत आली, पिल्लाला हुंगलं आणि लाथ मारली. आता ते लेइयानच्या गळ्यात. मासावे म्हणतो, पिल्लू जगलं पाहिजे, शाळेची मुलं बघायला येतात. दूध आपल्या सिदाईचं जातंय. सिदाई गेल्या महिन्यात व्यायली, दूध भरपूर आहे. माझी सगळ्यात गुणी गाय न्युंबूची दाई झाली.

लेइयान अंधार पडल्यावर आला. अंगावरच्या लाल चादरीला आंबट दुधाचा वास, कोपरा चोखून चोखून चिकट झालेला. विचारलं तर म्हणतो, पिल्लू थंडीने कापत होतं, बागेत पांघरायला गोणपाटसुद्धा नाही, मासावे म्हणतो सामान पुढच्या आठवड्यात येईल. म्हणून याने स्वतःची चादर त्याला गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसला. चाळिशीचा बाप्या. मी सांगून टाकलं, त्याला नाव ठेवायचं नाही. सिमालोईने मागून विचारलं, नाव काय ठेवलं?

त्याने चादर खुंटीवर टांगली. मी चपला बघितल्या. स्वच्छ होत्या. तेवढं बरं.

२६ फेब्रुवारी

नाइबोर व्यायली. कालवड. पांढरी, आईसारखी.

नाइबोर माझी नाही. ती ओले मोइंगोची. ओले मोइंगो माझ्या नवऱ्याच्या वयोगटातला, म्हणजे त्याच्याबरोबरच भाला उचलून जन्माचा भाऊ झालेला. दुष्काळात आमचा गोठा बसला तेव्हा त्याने ही गाय माझ्या दारात आणून उभी केली. आपल्यात अशी रीत आहे, दूध तुझं, वासरं माझी, आणि दोन्ही घरांचा जीव एका दावणीला. असल्या गाईची काळजी स्वतःच्या गाईपेक्षा जास्त घ्यावी लागते. म्हणून आज मी एवढी धावले.

पहाटे गार पाऊस, अंग गोठवणारा. सिमालोई विस्तव फुंकत होती. मी हाताला लागली ती चादर खुंटीवरून ओढली, लेइयानची होती, कोपरा ओला होता, पण तेव्हा सगळंच ओलं होतं. आधी नाइबोरचं तोंड पुसलं, नाकपुड्या, डोळे. माश्या पावसातही सोडत नाहीत मेल्या. सिदाईने मध्येच मान घातली, तिला दुसरीचे लाड बघवत नाहीत. तिचंही पुसलं. मग कालवड घरात विस्तवाशी आणून सुक्या गवताने चोळली. अर्ध्या घटकेत उभी राहिली. या वयात माझ्यासारखं वासरू सोडवणारी बाई या पाणवठ्यावर दुसरी नाही, हे मी लिहिते कारण दुसरं कुणी म्हणणार नाही.

लेइयान उठून आला. माझ्या हातातली चादर बघितली. म्हणाला, येयो, ती का घेतलीस? मी म्हटलं, थंडी वाजत असेल तर माझी घे. त्याने चादर घेतली आणि पावसात धुवायला गेला. पुरुषमाणूस चादर धुतो तेव्हा एक तर लग्न नवीन असतं नाही तर डोकं फिरलेलं असतं. याच्या लग्नाला अठरा वर्षं झाली.

५ मार्च

लेइयानचं काहीतरी बिनसलंय. माझ्या आधी उठतो. आज बघितलं तर गोठ्यात नाइबोरच्या डोळ्यांत बघत उभा. मग सिदाईच्या. विचारलं, काय हरवलं? म्हणाला, काही नाही. सिमालोईशी भांडला असेल. मी तिला विचारलं तर तिलाही माहीत नाही म्हणते.

चादर तो आता नेत नाही. धुऊन वर आढ्याला खोचून ठेवलीय आणि बागेचे निळे कपडे घालून जातो. ते कपडे तिथेच काढतो, तिथेच आंघोळ करतो. शहरी व्हायचंय वाटतं.

१६ मार्च

पिल्लांचं तांबूस अंग काळवंडायला लागलंय. मैदानावर असते तर आत्तापर्यंत कळप निघाला असता. हे तारेशेजारची तीच वाट तुडवताहेत, मागे नऊ पिल्लं, आता तीही तीच वाट शिकली.

गुरं ठीक आहेत. लिहायला नको, पण लिहिलं.

२३ मार्च

नाइबोरने गवत तोंडात धरलं आणि तसंच धरून राहिली. चावलं नाही. अंग तापलंय. गोचीड असेल. गोचिडीचा ताप मी पन्नास वेळा बघितलाय.

२४ मार्च

गोचीड नाही. नाकातून दाट येतंय. डाव्या डोळ्याच्या कडेला पांढरी रेघ, नखाएवढी. पाणी पडलं असेल म्हणून पुसून बघितली. पुसली जात नाही.

चर बघून आले. कोरडा. जाळलेल्या पट्ट्यावर कोंब आलाय पण एकाही खुराची खूण नाही. सिमालोईला शपथ घालून विचारलं, गुरं कुठे नेलीस. ती रडायला लागली. टेकडीच्या मागेच नेली होती. चपला मी स्वतः बघितल्या, एकही दिवस चुकले नाही. मग कुठून आलं? कुठून?

२५ मार्च

लेइयान डॉक्टरीण उपेंदोला घेऊन आला. तिने दोन्ही डोळे बघितले, ताप बघितला, मानेखालच्या गाठी दाबल्या. मला वाटलं इकडचं तिकडचं बोलेल. तिने सरळ सांगितलं. म्हणाली, न्युंबूचाच आजार आहे, याला औषध नाही, एका गाईपासून दुसऱ्या गाईला लागत नाही एवढाच दिलासा. मी चर दाखवला, जाळलेलं गवत दाखवलं, राखेचं मडकं दाखवलं. ती म्हणाली, आजी, तुम्ही बरंच केलंत, पण वारेत फारसं नसतं. असतं ते लहान पिल्लाच्या नाकाडोळ्यांच्या पाण्यात, पहिले दोन-तीन महिने. मोठ्या न्युंबूपासून भीती कमी.

पन्नास वर्षं मी वारेला भ्याले. आणि ही म्हणते नाकाचं पाणी.

मग तिने विचारलं, पिल्लाला लागलेलं काही या गाईच्या तोंडाला लागलं होतं का? भांडं, कापड, हात, तीन-चार आठवड्यांपूर्वी?

मी तोंड उघडायच्या आत लेइयान म्हणाला, "माझी चादर. मी पुसलं होतं हिचं तोंड. मीच."

तिने वहीत लिहून घेतलं. तो खोटं का बोलला? तो तर झोपला होता. आईच्या कामाचं श्रेयसुद्धा यांना लागतं.

२८ मार्च

नाइबोर गेली. शेवटी दोन्ही डोळे दुधासारखे. कालवडीला सिदाई पाजतेय, लाथ न मारता. सिदाईचं अंग संध्याकाळी गरम लागलं. उन्हात उभी होती म्हणून असेल.

२९ मार्च

ओले मोइंगो आला. माझ्या विस्तवाशी बसला, चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाला, म्हणजे फार रागात नव्हता. मग म्हणाला, "लेइयानच्या आई, गाय गेली, गाय येईल. पण तुझ्या मुलाने चादरीतून रोग आणला ही गोष्ट पाणवठ्यावर पसरलीय. चार दिवसांनी झाडाखाली सभा आहे. त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागेल."

विचारलं, दिलं नाही तर? म्हणाला, तर तुमच्या गुरांना पाणवठा बंद, आणि त्याच्या वयोगटातले त्याच्या शेजारी बसणार नाहीत. मांस वाटताना त्याला हाक मारणार नाहीत. त्याला हे सांगताना बरं वाटत नव्हतं. मला ऐकताना त्याहून कमी बरं वाटलं.

पाणवठा बंद म्हणजे गोठा बंद. आणि वयोगटाने टाकलेला माणूस जिवंत असून मेल्यासारखाच.

मी म्हटलं, मासावेला बोलवा, न्युंबू त्याचे आहेत. ओले मोइंगो म्हणाला, त्यालाही निरोप गेलाय. पण चादर मासावेची नव्हती.

३१ मार्च

मासावेला चार शब्द सुनावायला सकाळी बागेत गेले. तो अरुशाहून आलाच नव्हता. गारठा होता म्हणून निघताना आढ्यातली लेइयानची चादर ओढून अंगावर घेतली होती.

तारेशी उभी होते. कळप लांब, दक्षिणेला तोंड करून. त्यातून एक पिल्लू सुटलं आणि सरळ माझ्याकडे पळत आलं. माझ्याकडे नाही, चादरीकडे. तारेच्या फटीतून तोंड बाहेर काढलं, चादरीचा कोपरा धरला आणि चोखायला लागलं. डोळे मिटून. नाकातून पाणी गळत होतं, ते कोपऱ्यावर उतरलं.

मी त्याला हुसकलं नाही. कोपऱ्याकडे बघत राहिले. खुंटी आठवली. गार पाऊस आठवला. कोपरा ओला होता, पण तेव्हा सगळंच ओलं होतं. आधी नाकपुड्या पुसल्या, मग डोळे. नाइबोर मान हलवत होती, मी तिला दटावून धरलं होतं. सिदाईने मध्ये मान घातली. तिचंही पुसलं.

महिनाभर चपला उलट्या करत बसले मी.

चादर घरी आणली नाही. बागेच्या चुन्याच्या खड्ड्यात टाकली.

१ एप्रिल

सिदाईचा उजवा डोळा कडेने पांढरा झालाय. ती उभी आहे. खात नाही, पण कालवड लुचते तेव्हा हलत नाही.

लेइयान गोठ्यात होता. मी विचारलं, तुला केव्हा कळलं? म्हणाला, "त्याच पहाटे. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दोन-तीन दिवस आधी आम्हाला बजावलं होतं, पिल्लाजवळचे कपडे घरी नेऊ नका. तेव्हापासून चादर तिकडेच ठेवत होतो, आदल्या रात्री एकदाच विसरलो, येयो. एकदाच खुंटीवर टांगली."

मग मला सांगितलं का नाहीस?

"सांगून काय झालं असतं? तू चार आठवडे त्यांच्या डोळ्यांत बघत बसली असतीस. म्हणून मी बसलो."

मी त्याला म्हटलं, गाढवा. तो म्हणाला, सभेत मी म्हणेन मीच पुसलं, अर्धं तर खरंच आहे, म्हाताऱ्या बाईला कशाला मध्ये घ्यायचं. मी म्हटलं, म्हातारी कोण?

२ एप्रिल

सकाळ. सभा ऊन वर आल्यावर. धारा काढून झाल्या. सिदाईची नाही काढली.

सभेत बाई बोलत नाही, लांब झुडपाशी बसते. पण हातात हिरव्या गवताची मूठ धरून आलेल्या माणसाचं बोलणं कुणी मध्ये तोडत नाही, आणि गवताची मूठ बाईच्या हातात चालत नाही असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी चराच्या कडेचं गवत उपटून आणलंय. चांगलं वाढलंय तिथे, कुणी चरलंच नाही.

हे पान मी उघडं ठेवून जातेय. सिमालोई, पोरीने तुलाही अक्षरं शिकवलीत, मी पुढे गेले की हे तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव, अडखळू नकोस. नाइबोरचं तोंड कुणी पुसलं, याचं उत्तर मी देणार. पिल्लाला पांघरायला राखणदाराची चादर का लागली आणि न्युंबू माझ्या वाऱ्यावर का बांधले, याचं मासावेने द्यायचं, आणि तो आला नाही तर येईपर्यंत मी झाडाखालून उठणार नाही. लेइयानला कुणी काही विचारलं, ओले मोइंगोने विचारलं तरी, त्याने उत्तर द्यायचं नाही. माझ्याकडे बोट दाखवायचं आणि गप्प बसायचं.